वेताळ टेकडीला राष्ट्रीय उद्यान करायचंय? आधी ते प्रकरण काय असतं ते बघू

भांबुर्डेकर (धागाकर्ता)

पुण्याच्या या टेकडीच्या पायथ्याशी सध्या सह्यांचा एक कागद फिरतोय. मागणी अशी, की वेताळ टेकडी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करावी, म्हणजे रस्ता, बोगदा, बांधकाम असल्या कटकटी एकदाच्या संपतील. हेतूबद्दल वाद नाही. टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला माझाही विरोध आहे. पण मी सही केली नाही, आणि का केली नाही ते तिथे उभ्याउभ्या सांगून होईना, म्हणून हा धागा.

थोडक्यात सांगायचं तर, राष्ट्रीय उद्यान झालं की सगळ्यात आधी बाहेर निघतात ती तिथे रोज येणारी-जाणारी माणसं. हा अंमलबजावणीतला दोष नाही. ती कल्पनाच मुळात तशी जन्मली आहे.

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी यलोस्टोनच्या कायद्यावर सही केली. क्षेत्र जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. आदल्या वर्षी हेडन नावाच्या भूवैज्ञानिकाची तुकडी तिथे जाऊन आली होती, बरोबर जॅक्सन हा छायाचित्रकार आणि मोरान हा चित्रकार. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात हे नुसतं सांगून कुणाला पटलं नसतं. फोटो आणि चित्रं समोर ठेवल्यावर पटलं. मागून नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेवाल्यांचा रेटा होता, कारण त्यांना प्रवासी हवे होते. कायद्याची भाषा लोकांच्या सुखासाठी, रंजनासाठी अशी आहे. जनावरं वाचवणं हा तेव्हा मुख्य मुद्दा नव्हताच.

आता सहलीच्या माहितीपत्रकात नसतो तो भाग. तिथे लोक राहत होते. रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे तुकुदिका, म्हणजे शोशोनी लोकांतलीच एक शाखा, त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या होते. शिवाय क्रो, बॅनॉक, ब्लॅकफूट यांचं येणं-जाणं. १८७७ मध्ये नेझ पर्स लोक सैन्याला चुकवत पळताना याच उद्यानातून गेले आणि वाटेत भेटलेले काही पर्यटक त्यांनी पकडले. उद्यान होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. तेवढ्यात शहरातून आलेले पाहुणे ठरले आणि मूळचे लोक फरारी. पुढे नॉरिस नावाच्या अधीक्षकाने मूळ लोकांना हद्दीबाहेर काढण्यासाठी जोर लावला आणि शिवाय ‘हे लोक गरम झऱ्यांना घाबरतात, इथे ते कधी राहिलेच नाहीत’ ही समजूत पसरवली. १८८६ ते १९१८ तिथे सैन्याचा कारभार होता. स्वतंत्र नॅशनल पार्क सर्व्हिस आली ती १९१६ मध्ये. आणि जनावरांबद्दल बोलायचं तर १९२६ पर्यंत त्याच उद्यानातले लांडगे सरकारी माणसांनीच मारून संपवले होते. १९९५ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले.

आपल्याकडे पहिलं उद्यान १९३६ चं, संयुक्त प्रांताचे गव्हर्नर हेली यांच्या नावाचं. आज त्याला आपण कॉर्बेट म्हणतो. पुढे १९६९ मध्ये जागतिक निसर्गसंवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली आणि तिथे राष्ट्रीय उद्यानाची व्याख्या ठरली. तिचा गाभा असा, की माणसाच्या वापराने फारसा न बदललेला मोठा प्रदेश, आणि देशातल्या सर्वोच्च सत्तेने तिथला वापर व वस्ती रोखणं किंवा संपवणं. तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचं कलम ३५ वाचा. आधी इरादा जाहीर करायचा, मग जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करणार, आणि आतले सगळे हक्क सरकारकडे आले की मगच अंतिम अधिसूचना. गुरं चारायला पूर्ण बंदी. अभयारण्यात जिल्हाधिकारी काही हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात ती सोय नाही. आत जायला परवाना, तोही ठरावीक कारणांसाठी: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आतल्या रहिवाशांशी कामकाज.

‘रोज सकाळी साडेपाचला मित्रांबरोबर वेताळाच्या देवळापर्यंत चालत जाणे’ या यादीत मला तरी सापडलं नाही.

नळस्टॉप

म्हणजे आम्ही सही केली ती स्वतःच्याच विरोधात? पाच जणांना घेऊन गेलो होतो हो काका. 🙂

मृण्मयी_के

लेख आवडला, निष्कर्ष नाही आवडला. शहरातलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे लोकांना कायमचा दरवाजा बंद, हे खरं नाही. हैदराबादला ज्युबिली हिल्समध्ये कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे. जेमतेम दीड चौरस किलोमीटर. मी तिथे नोकरीला असताना पास काढून रोज चालायला जात होते. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, मोर आडवे येतात. चेन्नईचं गिंडी पावणेतीन चौरस किलोमीटरचं आहे. या दोन्ही जागा राष्ट्रीय उद्यान नसत्या तर आज तिथे काय उभं असतं याची कल्पना करायला हैदराबादला जायची गरज नाही, बाणेरला गेलं तरी पुरे.

पास काढावा लागला तर लागू दे. टेकडीवर दारूच्या बाटल्या, रात्रीचे वाढदिवस आणि मोकाट दुचाकी यांचा बंदोबस्त आपोआप होईल.

भांबुर्डेकर

मृण्मयीताई, हैदराबादचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे चालणाऱ्यांना वाट ठेवली हे खरंच. पण ती जागा आधी कशी होती? निजामाच्या घराण्याची कुंपणातली मिळकत. गिंडी राजभवनाला लागून. दोन्हीकडे आधीपासूनच एक मालक आणि एक कुंपण होतं. वेताळ टेकडीवर वन खात्याची जमीन आहे, महापालिकेची आहे, संस्थांची आहे, खाजगी आहे, जुन्या दगडखाणी आहेत, आणि पायथ्याला चारी बाजूंनी वस्ती. जनवाडी-गोखलेनगरच्या बाया अजून सरपणाला वर जातात. पास काढणारे आपण, आणि बाहेर राहणार त्या.

अप्पाबळवंत

आलं, ‘गरीब बायांचं सरपण’ आलं. मी वाटच बघत होतो.

राव, जरा आकडे बघू. १९७२ च्या गणनेत देशात १८२७ वाघ उरले होते. १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमधल्या ढिकाल्याहून व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाटही होतं. हातात काठी घेऊन हद्द राखली म्हणून आज नातवंडांना ताडोब्यात वाघ दाखवता येतो. सहमतीने, चर्चेने, सर्वांना सामावून घेत वाघ वाचलेला मला एक दाखवा.

आणि ढिलाईचं उदाहरण हवं असेल तर लांब जाऊ नका, माळढोक अभयारण्य बघा. १९७९ साली सोलापूर-नगर मिळून ८४९६ चौरस किलोमीटर जाहीर केलं. त्यात करमाळा, कर्जत, अख्खे तालुके, गावं, शेतं, बाजारपेठा. कुणाला बाहेर काढलं नाही, नुसतं कागदावर लिहिलं. परिणाम काय? लोकांना घर बांधायला, जमीन विकायला अडचण म्हणून ते माळढोकाच्या नावाने बोटं मोडणार, आणि पक्षी तर गेलाच. पुढे क्षेत्र छाटून १२२२ वर आणलं. लोकही दुखावले, माळढोकही गेला. त्यापेक्षा पन्नास चौरस किलोमीटर माळ विकत घेऊन कुंपण घातलं असतं तर?

सुपेकर

अप्पा, माळढोकाचं निदान अर्धंच पटलं. त्या माळांवर मेंढरं चरत होती तोवर माळढोक होता. मेंढरांनी तो संपवला नाही. माळाला ‘पडीक’ म्हणून नोंदवलं, कॅनॉल आला, ऊस आला, द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. वन खात्याने त्याच माळावर झाडं लावली ती वेगळीच. गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे त्या माळावर जगणाऱ्या पाखराला घराबाहेर काढणं.

मी बारामतीकडचा. आमच्या जवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, सुप्याचं, सव्वापाच चौरस किलोमीटर सुद्धा पूर्ण नाही. चिंकारा बघायला पुण्याची मंडळी रविवारी येतात. चिंकाऱ्याला ते पुरतं का? नाही पुरत. ती हरणं बाहेर शेतात, गायरानात फिरतात. लांडगा तर अभयारण्यात कमी आणि धनगरांच्या वाड्यांच्या आसपास जास्त. त्याला मेंढरू सापडतं, धनगराचं नुकसान होतं, तो शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माळावर वाडा लावतो. काही म्हातारे तर कळपातला लांडग्याचा वाटा धरूनच चालतात. हे कुठल्या कलमात बसवणार?

शेकरू७

विषयांतराबद्दल माफी, पण ताडोब्याचं नाव निघालंच आहे तर: मे महिन्यात कोअरचं बुकिंग किती आधी करावं लागतं? मोहर्ली गेट बरं की कोलारा?

नळस्टॉप

@शेकरू७ जितकं आधी तितकं बरं, शनिवार-रविवार विसराच. कोअर मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, आमच्या ऑफिसातल्या एकाने नेमका मंगळवार धरून रेल्वेचं तिकीट काढलं होतं. बाकी वेगळा धागा काढा, इथे काका रागावतील.

भांबुर्डेकर

रागावत नाही, उलट ताडोब्याचंच सांगतो. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं, आणि गंमत म्हणजे तेव्हा चांदा जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच, जुन्या मध्य प्रदेशात होता. ११६ चौरस किलोमीटर. नाव तारू या गोंडांच्या देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेला गावाचा प्रमुख, त्याचं ठाणं तळ्याच्या काठी. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरायची. आज आपण जिप्सीतून ते तळं बघतो, मगरीचे फोटो काढतो, आणि ज्याच्या देवाचं नाव त्या जंगलाला दिलं त्याच्या येण्याजाण्यावर निर्बंध आहेत. कोळसा, बोटेझरी, जामणी या गावांचं पुनर्वसन झालं. काहींचं म्हणणं, बाहेर गेल्यावर शाळा-दवाखाना मिळाला, बरंच झालं. तेही खोटं नाही.

वारणाकाठ

मी इथे सहसा लिहीत नाही. पण चांदोलीचं कुणी काढलंच नाही म्हणून लिहितो.

पश्चिम महाराष्ट्रातलं एकुलतं एक राष्ट्रीय उद्यान चांदोली. आधी अभयारण्य, १९८५ चं. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना अभयारण्याबरोबर मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात आपली चार: कास, कोयना, राधानगरी आणि आमचं चांदोली.

‘आमचं’ म्हणतो कारण आजोबांचं गाव आत होतं. वारणेवर धरण आलं तेव्हा खालचा भाग बुडाला, उरलेला अभयारण्यात गेला. एकदा पाण्याने उठवलं आणि एकदा जंगलाने, असं आजी म्हणायची. नाचणी-वरीची शेती होती, डोंगर उतारावर, कुमरी पद्धतीची, म्हणजे झाडोरा तोडून-जाळून करायची फिरती शेती. पुनर्वसनात मिळालेली जमीन सपाट, काळी, उसाच्या पट्ट्यातली, ती कसायचं तंत्रच वेगळं. गावदेवी वरच राहिली. जत्रेला परवानगी काढून जातात, दिवसा जायचं, उजेडात परतायचं, चूल पेटवायची नाही.

आता त्या गावठाणावर गवत माजलंय, गवे दिसतात. घरांची जोती अजून आहेत. आंबे, फणस आम्ही लावलेले. अभ्यासक येतात आणि लिहितात, ‘अस्पर्श जंगल’. अहो, अस्पर्श कसलं, माझ्या पणज्याने लावलेला फणस आहे तो.

तरी एक सांगतो, अप्पांना बरं वाटेल. ताडोब्याची वाघीण आणून चांदोलीत सोडली हे ऐकल्यावर आमच्या घरात सगळे खूष झाले. वडीलसुद्धा. ‘निदान कामाला आलं’ म्हणाले. माझी मागणी गाव परत द्या अशी नाही. पण तिथे गाव होतं हे उद्यानाच्या पाटीवर एका ओळीत लिहा, एवढं मागणं चुकीचं आहे का?

नळस्टॉप

वारणाकाठ, __/\__ यापुढे सहसा लिहीत चला.

अप्पाबळवंत

पाटीच्या मागणीला माझी सही पहिली. बाकी मतभेद कायम.

गवतफुल

अप्पा म्हणतात कुंपण घाला. कुंपण घातल्यावर काय होतं याचा एक पुरता अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. जरा सविस्तर लिहिते.

भरतपूरचं केवलादेव. महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. आणि आसपासच्या गावांच्या म्हशी त्याच पाणथळीत कायम चरायच्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झालं. कलम ३५ आलं, म्हणजे चराई बंद आली. १९८२ मध्ये बंदी लागू केली, गावकरी चालून गेले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली.

मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेचा तिथे त्या दशकात दीर्घ अभ्यास चालू होता. सालिम अलींची संस्था, म्हणजे म्हशींच्या बाजूने बोलणारी नक्कीच नव्हे. चराई बंद व्हावी असंच पक्षी-अभ्यासकांचं सर्वसाधारण मत होतं. अभ्यासात उलटं निघालं. म्हशी थांबल्या तसं पाण्यातलं पॅस्पॅलम गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं, आणि बदकांना, पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशी त्या पाणथळीचं गवत आटोक्यात ठेवत होत्या आणि हे त्या जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे गावकऱ्यांना विळ्याने गवत कापून न्यायला परवाने दिले गेले. पण कायदा तसाच आहे, कारण त्यात ‘चराई’ हा एकच शब्द आहे; कुठल्या जागी, कुठली जनावरं, किती, हे प्रश्नच नाहीत.

वेताळ टेकडी मूळची गवताळ आणि झुडपी. पावसाळ्यात वरच्या कातळावर जी रानफुलं येतात ती उन्हाची आहेत, सावलीची नाहीत. आपण हौसेने झाडं लावली, त्यात सगळ्यात जास्त गिरिपुष्प, कारण ते जगतं. आज उतारावर त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. उद्या उद्यान म्हणून कुंपण घातलं आणि ‘काहीही काढायचं नाही’ असा नियम आला, तर ते गिरिपुष्पही काढता येईल की नाही यावर फाइल फिरेल. कलमात वन्यजीवांच्या भल्यासाठी काढायला वाव आहे, पण फाइल फिरेलच.

मृण्मयी_के

गवतफुल, हे भरतपूरचं ठाऊक नव्हतं. पण मग टोकाला जाऊन ‘उद्यानं नकोतच’ म्हणायचं का? बोरिवली घ्या. दोन्ही बाजूंनी मुंबई चेपत आलेली, मध्ये शंभर चौरस किलोमीटर जंगल, कान्हेरीच्या लेण्या, बिबटे. ते वाचलं कशामुळे? कायद्यामुळेच.

भांबुर्डेकर

बोरिवलीत कायद्याच्या आधी पाणी आहे. विहार तलाव १८६० चा, मागून तुळशी. मुंबईला पाणी पाजायचं म्हणून त्यांचं पाणलोट क्षेत्र इंग्रजांनी राखलं, त्यावर पुढे उद्यान उभं राहिलं. आणि १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं काढायला सांगितली तेव्हा झोपड्यांबरोबर वारल्यांचे पाडेही त्याच यादीत सापडले. बिल्डर शेवटपर्यंत सीमेला चिकटून टॉवर बांधतोय, जाहिरातीत ‘नॅशनल पार्क व्ह्यू’ लिहितोय. पार्काचा फायदा कुणाला झाला ते फ्लॅटच्या भावात दिसतं.

सध्या_लीड्सला

मूळची कोथरूडची, नोकरीमुळे इकडे. इथे राष्ट्रीय उद्यान या गोष्टीचा अर्थ अगदी उलटा आहे, तो सांगते. पीक डिस्ट्रिक्ट इथून गाडीने तासाभरावर. इंग्लंडातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. आत गावं आहेत, शेतं, मेंढ्या, दगडी बांध, शाळा, पब. बहुतेक जमीन खाजगी.

तिथे उद्यान का झालं? कारण आधी लोकांना आत जायला बंदी होती. ती माळरानं जमीनदारांची, ग्राऊज नावाच्या पाखराच्या शिकारीसाठी राखलेली. मँचेस्टरचे गिरणी कामगार रविवारी डोंगरावर जायचे आणि राखणदार हाकलून लावायचे. एप्रिल १९३२ मध्ये शेकडो जण ठरवून किंडर स्काऊटवर घुसले, काहींना तुरुंगवास झाला. त्यातून चळवळ वाढली आणि १९४९ चा कायदा आला. त्या कायद्याच्या नावातच उद्यानांबरोबर ‘प्रवेश’ आहे. म्हणजे अमेरिकेत माणसांना बाहेर काढून उद्यान झालं, इथे माणसांना आत घेण्यासाठी झालं. जागतिक संघाच्या वर्गवारीत यलोस्टोन दुसऱ्या वर्गात आणि ही ब्रिटिश उद्यानं पाचव्या वर्गात, माणसांसह घडलेला भूभाग म्हणून.

तोटाही सांगते, नाहीतर अप्पा धरतील. निसर्ग म्हणून बघाल तर इथली कित्येक उद्यानं ओकीबोकी आहेत. मेंढ्यांनी चरून चरून गालिचा केलाय. दिसायला सुंदर, पण पाखरं शोधावी लागतात.

अप्पाबळवंत

धन्यवाद ताई, माझं काम वाचवलंत.

सुपेकर

भांबुर्डेकर काका, तुम्ही अमेरिका सांगितलीत, लीड्सच्या ताईंनी इंग्लंड. माणसांनी आपणहून दिलेलं असं एखादं उद्यान आहे का कुठे?

भांबुर्डेकर

आहे, आणि त्यातही पेच आहे. न्यूझीलंडचं टोंगारिरो. १८८७ मध्ये माओरी प्रमुख ते हेऊहेऊ तुकिनो चौथा याने तीन ज्वालामुखी शिखरं सरकारकडे सोपवली. ती त्याच्या लोकांची पवित्र शिखरं. पण त्या वेळी माओरींच्या सामाईक जमिनी कोर्टात नेऊन, वाटे पाडून गोऱ्या वसाहतवाल्यांना विकल्या जात होत्या. शिखरांचेही तुकडे होणार असं दिसल्यावर ती सगळ्यांची म्हणून एकसंध राहावीत यासाठी हा मार्ग. दान म्हणायचं की नाइलाज, ठरवा. १९९३ मध्ये जागतिक वारशात ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून नोंदलेली ती पहिली जागा.

दुसरं दक्षिण आफ्रिकेतलं. क्रूगर उद्यान १९२६ चं. त्याच्या उत्तर टोकाच्या मकुलेके लोकांना १९६९ मध्ये बंदुकीच्या धाकाने उठवलं, जमीन उद्यानात घातली. वर्णभेद संपल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. मिळाल्यावर त्यांनी तिथे पुन्हा घरं बांधली नाहीत; जमीन उद्यानातच ठेवली, मालकी आणि पर्यटनाचं उत्पन्न स्वतःकडे. वारणाकाठ, तुमच्या पाटीच्या पुढची ही पायरी आहे.

गवतफुल

आणि आपल्या देवराया? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ. मावळातल्या आजिवलीला वाघजाईची राई आहे, तिथे भेरली माडाची माडी काढतात. राई राखलीय ती लोकांचं त्यावर पोटही आहे म्हणून. कुठे देवीचा कौल घेतल्याशिवाय वाळकी फांदीही उचलत नाहीत, कुठे गावाच्या सभामंडपाला एखादं झाड मिळतं. प्रत्येक राईचा नियम त्या गावाचा.

अर्थात आता तिथेही सिमेंटचं मंदिर, पेव्हर ब्लॉक आणि गाड्यांना जागा. देवीचं जुनं कौलारू ठाणं पाडून आरसीसी बांधायला देणगी मिळते, राईतल्या वेली राखायला मिळत नाही.

मृण्मयी_के

सगळं कबूल. पण टेकडीवर रस्ता येतोय त्याचं काय? देवराई म्हणून जाहीर करून रस्ता थांबत नाही. बीडीपीचं, म्हणजे जैववैविध्य उद्यान या आरक्षणाचं, काय झालं बघा. समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवर साडेनऊशे हेक्टरांहून जास्त जैववैविध्य उद्यान कागदावर आहे. मोबदला आठ टक्के टीडीआर (दुसरीकडे बांधकामासाठी वापरायचा किंवा विकायचा हक्क), जमीनमालक घेत नाहीत, आणि तोवर उतारावर पत्र्याची शेड, मग गाळे, मग हॉटेल. मला दात असलेला कायदा हवा. तुम्हाला राष्ट्रीय उद्यान नको तर दुसरं नाव सांगा, मी कागद बदलून घेते. कागद आमच्याच गटाचा आहे.

नळस्टॉप

हा घ्या, धाग्याला आता खरा रंग चढला.

सुपेकर

एक विचार ऐका. जुन्नरकडे बिबट्या उसात राहतो. तिथे ना उद्यान, ना अभयारण्य, पिल्लंसुद्धा उसातच. पूर्वी पकडून लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की असे बिबटे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले उलट वाढले. जनावर ‘त्याच्या’ जंगलात नेऊन ठेवलं की प्रश्न मिटतो, ही समजूत आणि तुमचा कागद, दोन्ही एकाच जातीचे वाटतात. टेकडीचं जे काही कराल ते शेजाऱ्यांसकट करा एवढंच.

भांबुर्डेकर

मृण्मयीताई, नाव सांगतो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन प्रकार आले. कलम ३६-अ प्रमाणे संवर्धन राखीव क्षेत्र, सरकारी जमिनीवर, आसपासच्या लोकांशी सल्लामसलत करून. कलम ३६-क प्रमाणे समुदाय राखीव, खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकांनी आपणहून पुढे यायचं. आतल्या लोकांचे हक्क रद्द होत नाहीत. सांभाळायला समिती असते, तिच्यात स्थानिक लोक. आपल्याकडे पहिलं नाशिकचं बोरगड, २००८ चं. मग तिलारी, जोर-जांभळी, मायणी वगैरे बरीच झाली.

दात राष्ट्रीय उद्यानापेक्षा कमी आहेत, हे खरं. पण शिकारबंदी, आगबंदी, स्फोटकं-रसायनं यांवरची बंदी ही कलमं लागू होतात, आणि क्षेत्र एकदा राजपत्रात आलं की रस्त्याची फाइल फक्त महापालिकेत फिरून चालत नाही. जिल्ह्यातच भीमाशंकर बघा. १९८५ चं अभयारण्य, १३० चौरस किलोमीटर, शेकरू आहे, महादेव कोळ्यांची गावं आहेत, श्रावणात ज्योतिर्लिंगाची गर्दी आहे. उद्या त्याचं राष्ट्रीय उद्यान करा म्हटलं तर पहिला मोर्चा कुणाचा निघेल सांगा.

अप्पाबळवंत

गुरवांचा. मग हॉटेलवाल्यांचा. महादेव कोळ्यांना तोवर कुणी विचारणार नाही.

३६-अ ला माझी हरकत नाही, फक्त समितीत नगरसेवक घेऊ नका.

मृण्मयी_के

बरं. ३६-अ साठी जमीन सरकारी लागते. टेकडीवर वन खात्याची नेमकी किती, कुठून कुठे? खाणीचा भाग कुणाकडे? हे ठाऊक असल्याशिवाय कागद बदलून उपयोग नाही.

भांबुर्डेकर

सातबारे ऑनलाइन मिळतील, काही भागाला मिळकत पत्रिका. मोजणी नकाशा भूमी अभिलेखात अर्ज करून. वन खात्याकडे राखीव वनाची अधिसूचना मागावी लागेल, माहिती अधिकारातून. सर्व्हे नंबरांची यादी मी करायला घेतो. भांबुर्डा, एरंडवणे, कोथरूड आणि पाषाण, चार मौजे तरी येतील.

गवतफुल

वनस्पतींची यादी माझ्याकडे आहे, ऋतूनुसार. पाखरांची कुणाकडे?

नळस्टॉप

पाखरांची माझ्या मेव्हण्याकडे आहे, नवरंग कुठल्या ओढ्यात कधी दिसला इथपर्यंत. मागतो. आणि जनवाडीत माझी ओळख आहे, सरपणाला जाणाऱ्या मावश्यांशी बोलायचं असेल तर रविवारी संध्याकाळी चला, सकाळी त्या कामावर असतात.

मृण्मयी_के

रविवारी संध्याकाळी जमेल. सहा वाजता, पाण्याच्या टाकीपाशी.